करपल्लवी

दादर स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीत समोरासमोरच्या दोन प्लॅटफॉर्मांवर उभी राहून हातांनी गप्पा मारणारी बधिर पोरं मी कित्येक वर्षं बघत आले. इकडे दोघं, तिकडे तिघं, मधे रूळ. अनाउन्समेंट, भोंगे, फेरीवाले, कशाचाच त्यांना अडथळा नाही. मधून फास्ट गेली की वाक्य तुटायचं, शेवटचा डबा सरकला की तिथूनच पुढे सुरू. बोलणारे आम्ही मात्र एका कानाला फोन चिकटवून, दुसऱ्या कानात बोट घालून "हॅलो, हॅलो, आवाज कट होतोय" असं ओरडत असायचो. बँकेतल्या नोकरीची तीस वर्षं मी त्या पुलावरून गेले, पण ही भाषा आपण शिकावी असं एकदाही मनात आलं नाही. मनात यायचं ते एवढंच, की बिचारे.

ते "बिचारे" जायला मला नात व्हावी लागली.

नात न्यू जर्सीत जन्मली. अकरा महिन्यांची असताना लेक तिला घेऊन डोंबिवलीला आली. पहिल्याच दुपारी पोर माझ्या कडेवर बसून मूठ उघडझाक करायला लागली. मला वाटलं टाटा करतेय. मीही कौतुकाने टाटा केला. तिने परत मूठ आवळली, सोडली. मी परत टाटा. चौथ्या वेळी तिने असं भोकाड पसरलं की शेजारच्या काकू दारात आल्या. लेक आतून धावत आली. "आई, अगं दूध मागतेय ती!"

गायीची धार काढावी तशी मूठ आवळायची आणि सोडायची, म्हणजे दूध. दोन्ही हातांची बोटं चिमटीसारखी जुळवून टोकाला टोक लावायचं, म्हणजे आणखी. पंजे उलटसुलट फिरवले की झालं, पुरे. लेकीने हे सगळं तिकडच्या 'बेबी साइन'च्या वर्गात शिकून घेतलं होतं, रीतसर पैसे भरून. मी ऐकून घेतलं आणि आजीच्या हक्काने म्हणाले, "हातवारे कसले शिकवता? बोलू दे की तिला तोंडाने. अशाने बोलायला उशीर होईल."

वाक्य तोंडातून गेलं आणि मीच दचकले. ते माझं नव्हतंच. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी, गिरगावच्या आमच्या चाळीत, मी ते जसंच्या तसं ऐकलं होतं.

बापूदादा माझा चुलत भाऊ. १९५८चा जन्म, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दीड वर्षाचा असताना मोठा ताप आला आणि त्यात त्याचे कान गेले. आमचं एकत्र कुटुंब, दोन खोल्या, लाकडी जमीन. त्याला हाक मारायची तर पाय आपटायचा. फळ्यांमधून हादरा त्याच्या तळव्यांपर्यंत पोचायचा आणि तो वळायचा. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी ते कसं सोसलं देव जाणे. आम्हा सगळ्यांसाठी त्याने खुणा केल्या होत्या. आजोबा म्हणजे नाकावरचा चष्मा सारणं. काकू, म्हणजे त्याची आई, तिच्यासाठी कपाळावरचं मोठं कुंकू. मी म्हणजे वेणी. खांद्यावरची न दिसणारी वेणी तो असा झटक्यात ओढायचा की मला खरंच दुखल्यासारखं वाटायचं. भूक, पाणी, पाऊस, "आजी ओरडेल", "दुकान बंद आहे", अशा सगळ्या मिळून शंभरेक खुणा असतील. एवढ्यावर एका माणसाचं घर चालायचं.

मग शाळा सुरू झाली आणि शाळेने काकूला बजावलं, घरात खुणा बंद. हाताने मागेल ते द्यायचं नाही, तोंडाने मागेल तेव्हाच द्यायचं. हाताची सवय लागली की बोलणार नाही कधी. काकू जशी देवभोळी तशीच गुरुजीभोळी. मी तेव्हा पहिलीत असेन. पाण्याचा पेला हातात धरून काकू उभी आहे, समोर दहा वर्षांचा बापूदादा, आणि ती ओठ ताणून ताणून म्हणतेय, "पा... णी. म्हण. पा... णी." तो घशातून कसलातरी आवाज काढायचा. त्याचा हात तोंडाकडे जायला लागला की ती तो खाली दाबायची. पेला देताना तिच्याच डोळ्यांत पाणी असायचं.

शाळेत ते गळ्यावर हात ठेवून कंप ओळखायला शिकवायचे. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायचे. 'प' म्हटला की पट्टी हलली पाहिजे. आणि समोरच्याच्या ओठांवरून शब्द वाचायचा. वाचणाऱ्यांनी आत्ता एक करून बघावं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा: पाप, बाप, माप. ओठांवर तिन्ही सारखे. आणि क, ग, घ हे तर मागे घशापाशीच उमटतात, ओठांवर काहीच दिसत नाही. ज्या पोराला 'बाप' हा शब्द ऐकल्याचं आठवतही नाही, त्याने केवळ ओठ बघून ठरवायचं की समोरचा बापाबद्दल बोलतोय की पापाबद्दल.

शाळेला एकटीला तरी काय बोल लावायचा! जगभर तेच चाललं होतं. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिर मुलांच्या शिक्षकांची एक मोठी परिषद भरली. तिथे ठराव झाला की मुलांना बोलूनच शिकवावं, खुणांनी नाही. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. मुंबईत बधिर मुलांसाठी पहिली शाळा निघाली तीही त्याच दशकात. अमेरिकेतला विल्यम स्टोकी नावाचा इंग्रजीचा प्राध्यापक १९६० साली लिहून गेला होता की खुणांची भाषा ही पुरती भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, ती म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. बापूदादा तेव्हा दोन वर्षांचा होता, पण त्या लिखाणाचा वारा गिरगावात कुठून पोचणार? मिलानचे ते ठराव चुकीचे होते, त्यांनी नुकसान झालं, अशी कबुली त्याच परिषदेच्या पुढच्या पिढीने दिली ती २०१० साली, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. मधे एकशे तीस वर्षं गेली. बापूदादा बावन्न वर्षांचा झाला होता, पुस्तक बांधणीच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहून त्याचे गुडघे गेले होते.

आणि इकडे माझी लेक डॉलर मोजून, कान ठणठणीत असलेल्या पोरीला तेच शिकवत होती.

बँकेत राहून मला एक सवय लागली आहे. जाहिरात दिसली की खालची बारीक अक्षरं आधी वाचायची. बेबी साइनवाले सांगतात की मूल लवकर बोलतं, बुद्धी वाढते, शाळेत पुढे राहतं. २०१३ साली इंग्लंडमध्ये चाळीस आया आणि त्यांची बाळं घेऊन एक अभ्यास झाला, आठ महिन्यांपासून वीस महिन्यांपर्यंत. खुणा शिकवलेली बाळं न शिकवलेल्यांपेक्षा भाषेत पुढे गेली नाहीत. त्यांना तोटाही झाला नाही. थोडक्यात, माझी भीती आणि लेकीची जाहिरात, दोन्ही फोल. फरक पडला होता तो आयांमध्ये. खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या बारीकसारीक हालचालींना जास्त प्रतिसाद द्यायला लागल्या होत्या, याच्या मनात काहीतरी आहे असं धरून वागायला लागल्या होत्या.

मला हे पटलं, कारण डोळ्यांसमोर दिसत होतं. लेक सारखी पोरीच्या हातांकडे बघायची. मी तिच्या वयाची असताना पोर रडलं की दूध, नाहीतर ग्राईप वॉटर, नाहीतर दृष्ट, एवढी यादी होती आणि ती वरपासून खालपर्यंत संपवायची. पोराच्या हातात काय चाललंय हे कोण बघतंय?

अर्थात हात आपल्याकडेही कमी बोलत नाहीत. बाळाच्या तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावणं, बाप्पाला जेजे, चांदोबाकडे बोट, हे सगळं काय आहे? शाळेत करंगळी वर केली की बाईंना कळतं, दोन बोटं केली की जरा जास्त घाईने कळतं. कट्टी आणि बट्टीला तर कोणी तोंड उघडत नाही. बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतात, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. जुन्या कोशांत यासाठी 'करपल्लवी' हा शब्द आहे: हाताच्या बोटांनी अक्षरं सांगायची आणि बोलायचं. नेत्रपल्लवी शब्द आपण ठेवला, कारण तो प्रेमिकांच्या कामाचा. करपल्लवी मात्र पार विस्मरणात गेली. पण या सगळ्या सुट्या खुणा. त्यांत "काल मी आलो असतो पण तू रागावशील असं वाटलं" हे सांगता येत नाही. बापूदादाच्या शंभर खुणांतही ते सांगता येत नव्हतं.

त्या रविवारी बापूदादा नातीला बघायला आला. पोरीने त्याच्यासमोर बोटांची टोकं जुळवली, आणखी. त्याला कळेना. खरंच कळणार नव्हतं, कारण ती अमेरिकेची खूण. खुणांची भाषा जगभर एकच असते असं मीही समजत होते. प्रत्यक्षात अमेरिकेची वेगळी, इंग्लंडची वेगळी, आपली वेगळी. अमेरिकेची बाराखडी एका हाताने करतात, आपली मुख्यतः दोन हातांनी. आपल्याकडे इंग्रजी स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांवर बसवलेत: अंगठ्याच्या टोकाला स्पर्श केला की ए, करंगळीला केला की यू. तर तो क्षणभर गोंधळला, मग त्याने वाटीकडे पाहिलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि वरणभाताचा पुढचा घास भरवला. पुढचा तासभर ती दोघं जमिनीवर बसून होती. भुवया वर, गाल फुगव, नाक उडव, ओठ मुरड. पोर त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवेना. कुठेतरी वाचलं होतं की बधिर आईबापांच्या पोटी जन्मलेली मुलं हातांनी बोबडं बोलतात, आपली मुलं बाबाबा-ततत करतात तसंच, ठेक्यात. माझी नात त्या तासात असलंच काहीतरी करत होती.

लेक म्हणाली, "तुम्ही सगळे बापूमामाशी बोलता कसे?"

"अगं, त्याला सगळं कळतं."

"त्याला कळतं गं. पण तुम्हाला?"

पंधरा दिवसांनी ती गेली. तो प्रश्न डोंबिवलीतच राहिला.

बधिर मुलांपैकी दहातली नऊ ऐकणाऱ्या घरात जन्मतात. म्हणजे आईची भाषा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि जी पोचू शकेल ती आईला येत नाही. ही भाषा बहुतेकांना आईकडून मिळतच नाही, ती मिळते मित्रांकडून. बापूदादाच्या शाळेत वर्गात हात बांधलेले असायचे, पण मधल्या सुट्टीत, मोरीत, बाई फळ्याकडे वळल्या की बाकाखाली, पोरं भराभरा बोलायची. मोठी मुलं लहानांना शिकवायची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी निकाराग्वात बधिर मुलांच्या शाळा निघाल्या, तिथेही शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते. आणि मुलांनी मैदानात, बसमध्ये, एकमेकांच्या घरगुती खुणा एकत्र करून एक नवी भाषाच उभी केली. पुढच्या तुकडीच्या छोट्यांनी तिला व्याकरण चढवलं. भाषाशास्त्रज्ञ विमानं पकडून बघायला गेले.

मी मात्र लोकल पकडून ठाण्याला गेले, वर्ग लावायला. वय साठाच्या उंबरठ्यावर.

शिकवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा, स्वतः बधिर. पहिला नियम असा, की वर्गात आवाज बंद. पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहून विचारलं की मूकबधिर लोकांसाठी असे वर्ग कुठे कुठे आहेत. त्याने 'मूक'वर काट मारली आणि आपले दोन्ही हात माझ्यासमोर हलवले. हे काय मुके दिसतात का?

शब्द मला पटापट यायला लागले. बाई म्हणजे नाकाच्या कडेला, चमकीच्या जागी बोट. पुरुष म्हणजे मिशी. क्रियापद शेवटी, मराठीसारखंच, आणि "काय", "कुठे" वाक्याच्या टोकाला. घोडं अडलं चेहऱ्यावर. तीस वर्षं काउंटरमागे बसून माझा चेहरा पासबुकासारखा झाला होता. या भाषेत भुवया, डोळे, मान हे व्याकरण आहे. हात अगदी बरोबर पण चेहरा कोरा, तर प्रश्न प्रश्न राहत नाही. मी "तू चहा पिणार?" असं विचारायचे आणि तो पोरगा मान डोलवायचा: बरं, मी चहा पिणार, तुम्ही सांगताय तर. माझ्या शेजारी बसणारी कॉलेजातली पोरगी एका महिन्यात माझ्या दुप्पट पुढे गेली. चौथीतला एक मुलगा आईबरोबर यायचा, त्याच्या वर्गात बधिर मैत्रीण होती म्हणून. तो तर आम्हाला शिव्या सोडून सगळं शिकवायचा. शिव्या सुट्टीत.

मोठ्यांना मिळतं ते आणखी एक. समोरचा त्याच्या बाजूने खोली मांडतो: दार इथे, खिडकी तिथे, पलंग असा. बघणाऱ्याने ती मनात फिरवून घ्यायची, त्याचा उजवा तो आपला डावा. रोज तेच करून करून डोकं त्याला सरावतं. ही भाषा वापरणारे लोक मनातल्या मनात आकृती फिरवण्यात इतरांपेक्षा पटाईत असतात, असं नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांतही दिसलं होतं, आणि ऐकू येणारे पण खुणांची भाषा येणारे लोकही त्यात होते. माझं म्हणाल तर रिक्षावाल्याला डावीकडे म्हणून उजवीकडे बोट दाखवणं बंद झालं. आमच्या घरात ही क्रांती समजली जाते.

दुसरी क्रांती ह्यांच्याकडे. ह्यांना ऐकू कमी येतं आणि कानातलं यंत्र टेबलाच्या खणात राहतं. मी घरी येऊन सराव करायचे तेव्हा कुचेष्टेने बघत बघत हेही बरंच काही शिकले. गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात, डीजे छाती फोडत असताना, हॉलच्या या टोकाहून मी त्यांना सांगितलं: जिलबी नको, साखर वाढलीय. त्यांनी तिकडून सांगितलं: एकच. मी: अर्धी. आजूबाजूचे एकमेकांच्या कानात ओरडत होते.

मधल्या काळात देशातही बरंच हललं आहे. २०११च्या जनगणनेत ऐकू न येणारी किंवा कमी येणारी पन्नास लाखांवर माणसं नोंदली गेली. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी संस्था निघाली ती २०१५ला. २०१८ला तीन हजार शब्दांचा कोश आला, २०२१ला तो दहा हजारांवर गेला. त्याच वर्षी मुक्त विद्यालयात ही भाषा विषय म्हणून घेता येऊ लागली. सप्टेंबर २०२३मध्ये सारा सनी या बधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. मी ती बातमी बापूदादाला पाठवली. त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला, आणि मग व्हिडिओ कॉल करून पाऊण तास बोलला. त्यातलं निम्मं मला कळलं. आधीच्या साठ वर्षांच्या मानाने निम्मं म्हणजे पुष्कळ.

त्याने मला काकूबद्दल सांगितलं, पेल्याबद्दल. त्याला वाटायचं आई रागावली आहे. का, ते कळायचं नाही.

वर्गात "नाव – तुझं – काय?" हे वाक्य शिकलो त्या आठवड्यात मी त्याच्याकडे कल्याणला गेले. मास्तर म्हणाले होते की प्रत्येक बधिर माणसाला आपल्या लोकांत एक खुणेचं नाव असतं, अक्षरांचं नव्हे. ते स्वतः घ्यायचं नसतं, इतरांनी द्यायचं असतं. लोकलमध्ये उभी असताना माझ्या लक्षात आलं, की बापूदादाने आम्हा सगळ्यांना नावं दिली होती. आम्ही त्याला एकही दिलं नव्हतं. आमच्या घरात त्याचं नाव म्हणजे आपटलेला पाय.

मी विचारलं, भुवया आणि मान जमेल तशी लावून. त्याला वाटलं थट्टा आहे. त्याने बोटांवर बी, ए, पी, यू केलं. मी नाही म्हटलं. मित्र. तुझे मित्र. नाव – तुझं – काय?

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग गालाजवळ हात नेऊन त्याने अंगठ्यावरून तर्जनी सटकन उडवली. कॅरमचा स्ट्रायकर. शाळेत असल्यापासून. दादरच्या प्लॅटफॉर्मवर, बांधणीच्या कारखान्यात, बधिरांच्या क्लबात, जिथे जिथे त्याचे लोक होते तिथे तो पन्नासएक वर्षं या नावाने राहत होता. मला तर तो कॅरम खेळतो हेही नीट माहीत नव्हतं. मी करून पाहिलं. त्याने माझं मधलं बोट दुमडून तर्जनी पुढे केली, हात जरा वर घेतला, परत करायला लावलं.

वहिनी चहा घेऊन आल्या, त्याही बधिर. मी त्यांच्याकडे बघून बापूदादाकडे बोट केलं आणि स्ट्रायकर उडवला. त्यांनी ट्रे खाली ठेवला, कारण हात मोकळे हवेत, आणि विचारलं: आणि हिचं?

वेणी मी २००१ साली कापली. बापूदादाने माझ्या बॉबकटकडे एकदा नीट पाहिलं, विचार केल्यासारखं केलं, आणि खांद्यावरून झटक्यात वेणी ओढली.